उठून बसलं की दुखायचं

मी सोलापुरात बायकांना स्कूटी शिकवते. आधी मैदानावर गोल गोल फेऱ्या आणि हात बसला की सात रस्ता चौकाच्या गर्दीतून एक चक्कर, असा माझा कोर्स असतो. शिकायला येणाऱ्यांपैकी कुणाला दिवस गेले की ती क्लास थांबवते, आणि थांबवायच्या दिवशी मला हळूच बाजूला घेऊन विचारते, "मॅडम, सिझरनंतर तुमचं डोकं म्हणे फार दुखत होतं. मला पण होईल का तसं?" मग मी गाडी स्टँडवर लावते आणि सगळं पहिल्यापासून सांगत बसते. इतक्या वेळा सांगून झालंय की आता एकदाचं लिहूनच काढते.

मी डॉक्टर नाही, तेव्हा औषधांची नावं माझ्याकडून ऐकायची अपेक्षा ठेवू नका. मला काय झालं, ते कसं कळलं, घरात त्यावरून काय महाभारत घडलं आणि मी कशी बरी झाले, एवढं मी ठामपणे सांगू शकते. वाचताना कुणाचा जीव टांगणीला लागू नये म्हणून हेही आधीच सांगते की मी आज ठणठणीत आहे. मुलगी आता स्टँडवर लावलेल्या स्कूटीवर चढून सारखा हॉर्न वाजवत असते आणि शेजारी तक्रार करतात.

पोटाचं मशीन डोळ्याला

बाळ पायाळू होतं. शेवटपर्यंत फिरलंच नाही, म्हणून डॉक्टरांनी सिझर ठरवलं. हे ऐकून आत्या खूश झाल्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, वळसंगच्या. जन्म शेतात गेलेला, आवाज असा की बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या रानातला माणूस वळून बघतो. त्या म्हणाल्या, "पायाळू हाय व्हय? बरं झालं की. गावात कुणाला उसण भरली की पोराचाच पाय लावायचा पाठीला." माझी आई अक्कलकोटची. तिला मी अव्वा म्हणते, आणि घाबरली की ती मराठीतून कधी कानडीत शिरते ते तिचं तिलाच कळत नाही. दवाखान्यात माझ्याजवळ या दोघी आणि माझे मिस्टर. मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. शंभर कामगारांना एका हाकेत हलवतात, पण आईपुढं त्यांची बोलती बंद होते.

ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टर येऊन बसल्या, तांबोळी मॅडम. कंबरेत मणक्यांच्या मधे बारीक सुईनं औषध सोडणार, खालचं अंग बधिर होणार, बाळाचं रडणं मला स्वतःला ऐकू येणार, असं सगळं त्यांनी नीट समजावलं. मग म्हणाल्या, "अजून एक करायचं होतं, तुमची हरकत नसेल तर. डोळ्यांची सोनोग्राफी."

मला हसूच आलं. "मॅडम, सुई कंबरेत आणि बघताय डोळ्यात?"

त्याही हसल्या. मग त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. मणक्यात जे पाणी असतं, तेच पाणी वर मेंदूभोवती असतं आणि डोळ्यामागच्या नसेच्या आवरणापर्यंत पोचतं. कंबरेत सुई गेली की तिथल्या पडद्याला बारीक भोक पडतं. बहुतेक जणींचं ते आपलं आपण बुजतं. काहींचं बुजत नाही, पाणी झिरपत राहतं, आणि मग उठून बसलं की डोकं भयंकर दुखतं. हे कुणाला होणार ते आधी कळावं म्हणून डोळ्यामागचं ते आवरण मोजून बघायचं. पाणी कमी झालं तर आवरण बारीक झालेलं दिसतं. "अजून हे पक्कं म्हणता येत नाही," त्या म्हणाल्या. "आम्ही तपासून बघतोय. आज एकदा बघू, उद्या एकदा बघू."

मी लगेच हो म्हटलं. मला रस्त्यातला खड्डा आधी दिसलेला आवडतो.

डोळे मिटून पडायचं, पापण्यांवर गार जेल, आणि वरून ते मशीन अलगद टेकवायचं. दाबत नाहीत. दोन्ही डोळे झाले तरी मला वाटलं अजून सुरूच व्हायचंय. आत्या दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. बाहेर जाऊन त्यांनी अव्वाला सांगितलेलं मला आतपर्यंत ऐकू आलं. "पोटाचं मशीन डोळ्याला लावलं की वो!"

ऑपरेशनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पाठीची कमान करून बसायचं होतं, आणि एवढं पोट घेऊन ती काही माझी नीट होईना. सुई एकदा हाडाला लागली, मग मॅडमनी जागा बदलली. थोड्या वेळानं पाय माझे राहिले नाहीत. मग कुणीतरी म्हणालं, "मुलगी झाली," आणि तिचा तो रागावलेला आवाज आला. मी रडले. बाजूला मॅडम माझा खांदा थोपटत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा डोळे बघितले. या वेळी मशीनच्या पडद्याकडं जरा जास्त वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "कालच्यापेक्षा आवरण बारीक दिसतंय. कदाचित काहीही होणार नाही. पण उठून बसल्यावर डोकं दुखायला लागलं, मान धरली, तर लपवायचं नाही. मला लगेच बोलवायचं." आत्या शेजारीच बाळाचं लंगोट बदलत होत्या.

"मॅडम, मी रोज शिकाऊ बायकांच्या मागं बसून सोलापूर फिरते," मी म्हटलं. "माझं डोकं कशानं दुखत नाही."

ते दुखणं

त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी मी बाळाला पाजायला उठून बसले. टाके ओढत होते, ते अपेक्षितच होतं. बाळाला मांडीवर घेतलं, तिनं तोंड लावलं, आणि डोक्याच्या मागच्या बाजूनं काहीतरी वर चढलं. मानेतून कपाळापर्यंत. भरलेली घागर डोक्यावर ठेवावी आणि वरून कुणीतरी ती दाबत राहावी, असं. कानांत दडे बसले. खिडकीतला उजेड डोळ्यांत घुसायला लागला, पोटात ढवळून आलं. मी बाळाला कसंबसं अव्वाकडं दिलं आणि आडवी झाले.

आडवी झाले आणि दुखणं गेलं. म्हणजे कमी झालं असं नाही, गेलंच. मला वाटलं भास झाला असेल. पुन्हा बसले, तर पुन्हा तेच. पुन्हा आडवी, पुन्हा काही नाही.

तेव्हा मला मॅडमचं बोलणं आठवलं, आणि खरं सांगते, भीतीच्या आधी मला जरा बरं वाटलं. हे काय आहे ते मला माहीत होतं. याला नाव होतं, कारण होतं, आणि ते कुणीतरी आधी सांगून ठेवलं होतं. सिस्टरला बोलावून मी तेवढंच सांगितलं, "मॅडमना सांगा, ते झालंय."

कान फुटंल

आता जे सांगते ते तुमच्यातल्या अर्ध्या जणींच्या घरात असणार. आमच्याकडं बाळाला झोपून पाजत नाहीत. झोपून पाजलं की दूध कानात उतरतं आणि पोराचा कान फुटतो. वळसंगला हेच, अक्कलकोटला हेच. माझ्या आणि मिस्टरांच्या घरच्यांचं एरवी कशातच जुळत नाही, पण याबाबतीत दोघी आज्या एका सुरात बोलतात. माझ्या एका चुलत भावाचा कान लहानपणी वाहायचा, तर त्याच्या आईनं त्याला झोपून पाजलं म्हणून असं अख्खी गल्ली सांगायची. म्हणजे मी पुढारलेली वगैरे असले तरी पोटात कुठंतरी माझ्याही ती भीती होतीच.

बसून पाजायचं तर डोकं फुटायचं आणि झोपून पाजायचं तर कान. अशी माझी गत झाली.

बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं, कुशीवर होऊन पाजलं तरी चालतं, बाळाचं डोकं फक्त जरा उंचावर ठेवा. सिस्टरनं दंडावर बाळाचं डोकं कसं घ्यायचं ते दाखवलं. मी म्हटलं, करूया. मी कुशीवर झाले, हात पुढं केला आणि म्हटलं, "आत्या, द्या तिला."

आत्यांनी बाळाला छातीशी धरलं आणि एक पाऊल मागं सरकल्या. "झोपून न्हाई. बस आन घे."

"बसवत नाही मला."

"आमी काय पोरं काडली न्हाईत व्हय? माज्या बारक्याच्या वक्ताला मी दिस भरेपातूर खुरपायला जात हुते. डोस्कं दुखतंय म्हनून कुणी पोराचा कान फोडून घेतंय का?"

मूल त्यांच्या हातात होतं आणि मला उठून ते घेता येत नव्हतं. माझ्या आयुष्यात मी इतकी हतबल कधीच झाले नव्हते. एरवी माणसं माझ्या आवाजाला घाबरतात. त्या दिवशी माझ्यापासून दोन हातांवर माझी मुलगी भुकेनं रडत होती आणि मी पडल्या पडल्या तिच्याकडं बघत होते.

मग मी बसले. डोळे मिटून, दात आवळून. ती चार घोट प्यायली असेल, तोवर मला ओकारी आली. आत्यांनी तिला उचलून नेलं आणि पावडरचं दूध बोंडल्यानं पाजलं. तिचं पोट भरलं, ती झोपली. माझी छाती दगडासारखी टणक होऊन ठणकत होती, आणि मी भिंतीकडं तोंड करून रडत होते. असंच दोन-चार दिवस गेलं तर बाळ मला विसरेल, दूध आटेल, मग घरी जाऊन आयुष्यभर ऐकावं लागेल की हिच्यानं पोरीला पाजवलं नाही. मला तेव्हा फक्त एवढं हवं होतं की माझ्या मुलीनं माझ्याच अंगावर प्यावं.

बरी दिसणारी आजारी बाई

या दुखण्याची सगळ्यात वाईट गंमत ही की पडल्यावर तुम्ही अगदी बऱ्या दिसता. मी पडून फोनवर बोलायचे, हसायचे, क्लासच्या बायकांना पुढच्या महिन्याच्या वेळा द्यायचे. आणि बाळाला घ्यायची वेळ आली की कपाळ धरायचे. बाहेरून बघणाऱ्याला काय वाटणार? आत्यांनी कॉरिडॉरमध्ये कुणाला तरी सांगितलेलं मी ऐकलं, "फोनवर बोलाया बरी आसती. पोर रडलं की डोस्कं धरती."

ते मला फार लागलं नाही, सासूचं बोलणं म्हणून सोडून दिलं. पण दुपारी मिस्टर डबा घेऊन आले, माझ्याजवळ बसले, आणि इकडं तिकडं बघून हळूच म्हणाले, "खरंच दुखतंय ना गं?"

ते लागलं. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही घरी जावा." ते गेले नाहीत, बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिले. पण त्या दुपारी मी त्यांच्याशी एक शब्दही बोलले नाही.

अव्वा बिचारी माझ्या बाजूची, पण तिचं आपलं वेगळंच. तिनं मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या, माझे कान घट्ट बांधले, वारा लागू नये म्हणून खिडकी लावून घेतली, आणि डोक्यावरून हात फिरवत सारखी म्हणत राहिली, "सुम्न मलको." म्हणजे गप पडून राहा. वैद्यकीय भाषेत सगळे डॉक्टरही मला तेच सांगत होते, तेव्हा तिचा सल्ला काही चुकीचा नव्हता.

पाण्यावरूनही वाद झाला. मॅडमनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं. आत्या मला वाटीनं कोमट पाणी देत होत्या, तेही मोजून, कारण बाळंतिणीनं पाणी ढोसलं की पोट सुटतं. शेवटी सिस्टरनं एक बाटली माझ्या उशाखाली सरकवली, आणि दिवसातून दोनदा कॅन्टीनची कोरी कॉफी स्वतः आणून दिली. त्या कॉफीनं घटकाभर डोकं हलकं व्हायचं. इतकी कडू कॉफी मी एरवी फेकून दिली असती.

आत्यांचा डोळा

गोळ्या चालू झाल्या होत्या. मॅडम राऊंडला आल्या, सोबत ते मशीन होतं. आत्या माझ्या बेडपुढं वाट अडवून उभ्या राहिल्या.

"आता न्हाई लावायचं ते."

"का हो मावशी?"

"पोरगी धडधाकट हुती. तुमी डोळ्यावर ती दांडी फिरवली आन तवापासनं तिनं डोस्कं धरलंया. मी बगितलंय की माज्या डोळ्यानं."

मला पडल्या पडल्या एकदम उलगडा झाला. गेले दोन दिवस आत्या एकीकडं मला नखरेल म्हणत होत्या आणि दुसरीकडं मशीनला शिव्या देत होत्या. म्हणजे मनातून त्यांनाही माहीत होतं की मला दुखतंय. फक्त दोष कुणाला द्यायचा ते ठरत नव्हतं.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मावशी, पोटातलं बाळ बघतो तेच हे. यानं काही होत नाही."

"बाळाला बगायचं तर ठीक हाय की. डोळ्यात काय बाळ हाय व्हय?"

अव्वा पदरात तोंड घालून हसली. मॅडमनी मग स्वतःच्या पापणीला जेल लावलं आणि मशीन आपल्याच डोळ्यावर टेकवून दाखवलं. आत्यांचं समाधान होईना. "तुमाला रोजची सवय आसंल. माज्या लावा."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "लावा मॅडम. त्याशिवाय त्या ऐकायच्या नाहीत."

आत्या नातेवाइकांच्या बाकड्यावर आडव्या झाल्या. चष्मा काढून अव्वाच्या हातात दिला, पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि देवाचं नाव घेऊन डोळे मिटले. जेल लागल्यावर म्हणाल्या, "लई गार हाय की वो." पडद्यावर एक काळी गोल आकृती आली. मॅडम म्हणाल्या, "हा तुमचा डोळा. आणि मागं ही जी पट्टी दिसते, ती नस." आत्यांनी दुसरा डोळा किलकिला करून आपलाच डोळा बघितला. मग पुसून उठल्या आणि अव्वाकडून चष्मा घेऊन डोळ्यांवर चढवला.

जाताना मॅडमनी एवढंच सांगितलं, "मावशी, मशीननं दुखणं आणलं नाही. त्यानं ते आधी दाखवलं. हिनं तक्रार केली त्याच्या आदल्या दिवशीच मी हिला सांगितलं होतं. तुम्ही इथंच होता, बाळाचं लंगोट बदलत होता."

त्या दिवशी अव्वा दर थोड्या वेळानं आत्यांना विचारत होती, "दुखतंय का वो?" आणि आत्या मान हलवून नाही म्हणत होत्या. संध्याकाळी चहाच्या वेळी त्या जरा नाराजीनंच म्हणाल्या, "काय सुदिक झालं न्हाई." मिस्टर तिथंच होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग उठून माझ्या पायांवरचं पांघरूण उगाचच नीट केलं. माफी मागायची ती त्यांची पद्धत आहे आणि मी ती मान्य केली.

पण कानाचं काही हललं नाही. आत्या म्हणाल्या, "दुखतंय ते खरं. पर कान त्यो कानच."

रक्त कुणाचं

पाणी, गोळ्या, कॉफी, पडून राहणं, सगळं केलं. बसलं की दुखायचंच. मॅडम एकदा सगळे असताना आल्या आणि त्यांनी दोन रस्ते सांगितले. थांबलं तर हे बहुतेक आपोआप बरं होईल, पण किती दिवस लागतील ते सांगता येत नाही. नाहीतर माझ्याच हातातून थोडं रक्त काढायचं आणि कंबरेत, त्या भोकाजवळ सोडायचं. तिथं ते साकळतं आणि भोक बुजवतं. एकदा करून भागलं नाही तर पुन्हाही करावं लागू शकतं, हेही त्यांनी लपवलं नाही.

मिस्टर म्हणाले, थांबूया. पहिल्या सुईनं हे झालं, आता परत तिथंच सुई कशाला? अव्वा कानडीत काहीतरी पुटपुटली. आत्यांनी बाळाला मिस्टरांच्या हातात दिलं आणि पुढं आल्या.

"रगत कुणाचं काडनार म्हनला?"

"हिचंच, मावशी."

"बाळंतिणीचं रगत काडता? आदीच किती गेलंय तिचं!" त्यांनी पोलक्याची बाही वर सरकवली आणि दंड मॅडमपुढं धरला. काळाभोर, शेतात राबलेला, गोंदलेला दंड. "माजं घ्या. मला काय करायचंय ठिवून?"

मॅडम त्यांचा हात हातात घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "तिचंच लागतं, मावशी. दुसऱ्याचं चालत नाही." आत्या बाही खाली करेनात.

चार दिवस मी या बाईवर चिडले होते. माझं मूल हिनं माझ्यापासून दोन हातांवर धरून ठेवलं म्हणून मनातल्या मनात हिला नाही नाही ते बोलले होते. मला रडू फुटलं आणि आडवी असल्यामुळं डोळ्यांतलं पाणी थेट कानांकडं ओघळलं.

मी म्हटलं, "मॅडम, करूया." सुईची भीती वाटत होती का? वाटत होती. पण मला माझ्या मुलीला पाजायचं होतं आणि त्यासाठी आणखी वाट बघायची माझी तयारी नव्हती. कुणाला विचारत बसले असते तर तीन माणसांची तीन मतं ऐकावी लागली असती.

मधल्या वेळात

रक्त सोडून झाल्यावर काही वेळ पाठीवर पडून राहावं लागतं. मी छताकडं बघत पडले होते तेव्हा मनात जे जे ठरवलं, ते मला विचारणाऱ्या बायकांसाठी इथंच सांगून टाकते. कंबरेत सुई घ्यायला घाबरू नका, बहुतेक जणींना यातलं काही होत नाही. माझ्या थोरल्या जावेची दोन सिझर झाली, तिला साधं कपाळही दुखलं नाही. पण बसल्यावर दुखतं आणि पडल्यावर थांबतं असं झालं तर ते सांगा, पहिल्या तासातच सांगा. आणि बाळंतपणानंतरचं प्रत्येक डोकं दुखणं हेच असतं असं स्वतः ठरवू नका. पडल्यावरही थांबत नसेल, डोळ्यांपुढं अंधारी येत असेल, रक्तदाब वाढला असेल, तर ते वेगळं आणि कदाचित जास्त गंभीर असतं, ते डॉक्टरांनीच बघायचं. डोळ्यांची ती सोनोग्राफी सगळीकडं करत नाहीत, आणि ती नसली तरी अडत नाही. माझ्या बाबतीत तिचा मोठा उपयोग हा झाला की मी बोलायच्या आधी माझं दुखणं कुणाला तरी दिसलं होतं.

आणि नवऱ्यांनो, "खरंच दुखतंय ना" असं विचारू नका.

बसले

मॅडमनी बेडची डोक्याकडची बाजू हळूहळू वर घेतली. थोडी वर, मग थांबायचं. अजून थोडी. अव्वानं माझा एक हात धरलेला, मिस्टरांनी दुसरा. आत्या बाळाला घेऊन पायथ्याशी उभ्या. दर वेळी मॅडम विचारायच्या, "दुखतंय?" आणि मी आत कुठं काही चढतंय का ते चाचपून बघायचे.

"नाही."

पूर्ण ताठ बसले. पाय खाली सोडले. कंबर जरा अवघडली होती, तेवढंच. डोकं हलकं, रिकामं, माझं स्वतःचं होतं. मी अव्वाला कानांवरचं फडकं सोडायला लावलं आणि मिस्टरांना खिडकी उघडायला सांगितलं. खालच्या रस्त्यावरून एक बाई दोन्ही पाय जमिनीला घासत स्कूटी चालवत होती. मी आहे तिथून ओरडले, "पाय वर घ्या, ताई!" ती दचकून वर बघायला लागली. मॅडम मोठ्यानं हसल्या, आणि अव्वानं इतक्या दिवसांचं साठलेलं रडून घेतलं.

तेवढ्यात बाळ जागं झालं आणि रडायला लागलं. मी उशीला पाठ टेकून नीट बसले, मांडी घातली, हात पुढं केले. चार दिवस मी ज्या क्षणाची वाट बघत होते तो आला होता. आत्या तिला घेऊन जवळ आल्या, पण देईनात.

"आडवी हो," त्या म्हणाल्या.

"काय?"

"आडवी हो म्हनते न्हवं. झोपूनच पाज तिला."

"अहो आत्या, आता नाही दुखत. अजिबात नाही. आणि कान?"

"कानाचं मी बगते. हितंच बसते फडकं घिऊन. तू नीज आदी."

माझं डोकं जराही दुखत नव्हतं. तरी मी आडवी झाले.